खासदारांना पत्र लिहायचं तर

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘माणसाला अंतराळात पाठवायला सरकारनं पैसा का द्यावा’. त्यावर बोलणार आहेच. पण आधी पाकिटावरच्या पत्त्याबद्दल बोलू द्या, कारण पुष्कळ पत्रं तिथंच वाया जातात.

आपण बसलोय दापोलीत. जिल्हा रत्नागिरी. मग पत्र कुणाला, रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खासदारांना? मागच्या रांगेतून ‘हो’ आलं. तेच चुकतं. २००९ च्या निवडणुकीपासून दापोली आणि गुहागर हे विधानसभा मतदारसंघ रायगड लोकसभा मतदारसंघात आहेत. पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड हे त्यांचे सोबती. रत्नागिरी-सिंधुदुर्गमध्ये येतात चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी. तिकडे उरण, पनवेल, कर्जत जिल्ह्यानं रायगडचे, पण मतदानाला मावळात! तेव्हा जिल्ह्यावरून अंदाज बांधू नका. मतदार ओळखपत्र उलटं करा, मागे विधानसभा मतदारसंघ लिहिलेला असतो, त्यावरून लोकसभेचा ठरवा. खासदारांच्या कार्यालयात पत्र आलं की स्वीय सहायक आधी पत्ता बघतो. हा आपला मतदार आहे का, एवढंच. म्हणून नाव, गाव, तालुका, पिनकोड आणि विधानसभा मतदारसंघ पत्राच्या वरच्या कोपऱ्यात यायला हवेत. सहीखाली लिहिलेत तर तिथपर्यंत कुणी वाचेलच असं नाही.

आमदारांना लिहू नका. अंतराळ विभाग केंद्राचा, थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीतला. विधानभवनात त्याचा एक रुपयाही मंजूर होत नाही.

आता माझी खरी तक्रार. अशा पत्रांचे तयार नमुने फिरत असतात, आणि त्यातले पुष्कळसे अमेरिकन पत्रांवरून उचललेले असतात. ‘आपण अंतराळ कार्यक्रमाचा निधी वाढवण्याच्या बाजूने मतदान करावे.’ अमेरिकेत या वाक्याला वजन आहे. जून १९९३ मध्ये तिथल्या प्रतिनिधीगृहात अंतराळ स्थानकाचा प्रकल्प गुंडाळण्याची दुरुस्ती आली आणि ती २१५ विरुद्ध २१६ अशी पडली. एका मताचा फरक! आज साडेचारशे टनांच्या आसपास वजनाचं जे आंतरराष्ट्रीय स्थानक डोक्यावरून फिरतंय, ते त्या एका मतानं वाचलं. तिथला लोकप्रतिनिधी आकडा खरोखर वरखाली करू शकतो, म्हणून तिथं असं पत्र लिहायचं.

आपल्याकडे काय? राज्यघटनेचं कलम ११३ काढून बघा. अनुदानाच्या मागणीला, म्हणजे खात्यानं मागितलेल्या खर्चाला, लोकसभा संमती देऊ शकते, नाकारू शकते किंवा ती कमी करू शकते. वाढवू शकत नाही. आणि राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय मागणी मांडताच येत नाही. म्हणजे ‘निधी वाढवा’ म्हणून आपण खासदारांकडे जे मागतो, ते त्यांच्या हातातच नाही. त्यात अंतराळ विभागाच्या मागणीवर सभागृहात सविस्तर चर्चा क्वचितच होते. ठरलेल्या शेवटच्या दिवशी उरलेल्या सगळ्या मागण्या एकगठ्ठा मताला टाकतात, त्याला गिलोटिन म्हणतात, आणि ही मागणीही बहुतेक वेळा त्याच गठ्ठ्यात जाते. म्हणून पत्रात तेच मागा जे खासदारांना करता येतं.

त्यासाठी पैसा कुठे अडतो ते कळायला हवं. गगनयानाला, म्हणजे माणसाला अंतराळात नेण्याच्या आपल्या मोहिमेला, मंत्रिमंडळानं डिसेंबर २०१८ मध्ये ९,०२३ कोटी मंजूर केले. सप्टेंबर २०२४ मध्ये व्याप्ती वाढवून एकूण रक्कम २०,१९३ कोटी केली. डिसेंबर २०२८ पर्यंत आठ मोहिमा, त्यात भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भागही धरलाय. पण मंजुरी म्हणजे हातात आलेला पैसा नव्हे. दरवर्षी १ फेब्रुवारीला अर्थसंकल्पीय अंदाज येतो, पुढच्या फेब्रुवारीत त्याच वर्षाचा सुधारित अंदाज, आणि त्यानंतरच्या वर्षी प्रत्यक्ष खर्च. अंतराळ विभागाचं २०२०-२१ घ्या. अंदाज सुमारे १३,४७९ कोटी, सुधारित ९,५००. ते कोविडचं वर्ष, समजू शकतो. मग २०२२-२३ बघा. १३,७०० चे झाले १०,५३०. फेब्रुवारीत वर्तमानपत्रं मोठा आकडा छापतात, लोक अभिनंदनाची पत्रं धाडतात, आणि पुढच्या हिवाळ्यात आकडा खाली येतो तेव्हा कुणाचं लक्षच नसतं.

तो खाली का येतो? असल्या कामात बरेचसे पैसे टप्प्याटप्प्यानं जातात, काम झालं की बिल. एखादा सुटा भाग उशिरा आला की चाचणी पुढे जाते, चाचणी पुढे गेली की बिलं पुढे जातात. इकडे अर्थ खात्याचा नियम, शेवटच्या तिमाहीत ३३ टक्क्यांहून जास्त आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्क्यांहून जास्त खर्च करायचा नाही. ३१ मार्चला उरलेली रक्कम परत जाते. मग पुढच्या वर्षी कुणीतरी म्हणतं, ‘यांना दिलेलेच खर्च होत नाहीत, कशाला वाढवायचे?’ या वाक्याला उत्तर मिळावं म्हणून पत्र लिहायचं.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं राहिलीत. हर्णैच्या मंडळींना शेवटची एसटीही गाठायचीय. तेव्हा पत्रातली मागणी सांगतो आणि मूळ विषयाकडे येतो.

मागणी एकच, ‘हा प्रश्न लोकसभेत विचारावा’. आणि प्रश्न तुम्हीच लिहून द्या, १५० शब्दांच्या आत, कारण मर्यादाच तेवढी आहे. प्रश्नाची सूचना, म्हणजे नोटीस, खासदारांना हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावी लागते, म्हणून मराठी पत्राला हिंदी मसुदा जोडा. (क) गगनयानासाठी चालू वर्षात किती तरतूद झाली आणि ३० सप्टेंबरपर्यंत किती खर्च झाली? (ख) सुधारित अंदाजात ती कमी करण्याचा प्रस्ताव आहे काय, असल्यास कारणे काय? (ग) मानवरहित चाचण्या किती उरल्या आहेत आणि त्यांचे वेळापत्रक काय? ‘सरकारचं मत काय’ असं विचारू नका, मत मागणारा प्रश्न नियमात बसत नाही. आधी उत्तर मिळून गेलेला प्रश्नही फेटाळतात, म्हणून मागच्या अधिवेशनांची उत्तरं चाळून घ्या. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात ते, दिवसाला वीसच, तेही सोडतीनं. अतारांकित २३०, त्यांचं उत्तर लेखी मिळतं. आपल्याला आकडे हवेत, अतारांकित मागा.

दुसरी वाट स्थायी समितीची. विज्ञान-तंत्रज्ञान, पर्यावरण, वन आणि हवामान बदल अशा लांबलचक नावाची समिती आहे, ३१ सदस्यांची, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. अंतराळ विभागाच्या मागण्या अर्थसंकल्पानंतरच्या सुटीत तीच तपासते. आपले खासदार तिच्यावर नसतील तरी सदस्यांना लिहू शकतात.

आता पत्रिकेवरचा विषय. पैसा का द्यावा? लोक वडापावाचा हिशेब करतात, २०,१९३ कोटी भागिले १४० कोटी माणसं, दहा वर्षांत डोई १४४ रुपये, म्हणजे वर्षाला एक वडापाव. हिशेब बरोबर आहे, पण पत्रात घालू नका. कुठल्याही योजनेला तो असाच लावता येतो.

त्यापेक्षा गगनयानाची २१ ऑक्टोबर २०२३ ची मानवरहित चाचणी सांगा. श्रीहरिकोट्याला उड्डाणाला पाच सेकंद उरले असताना संगणकानं मोजणी थांबवली. दोष शोधला, दहा वाजता उड्डाण झालं. बारा किलोमीटरच्या आसपास सुटका यंत्रणेनं मॉड्यूल, म्हणजे माणसं बसायची कुपी, रॉकेटपासून ओढून बाजूला काढलं, पॅराशूट उघडली, आणि किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटरवर ते समुद्रात पडलं. सगळा खेळ नऊ मिनिटांचा. आणि ते पाण्यात उलटं झालं! हर्णैच्या माणसाला समजावायला नको, वरचा भार जड असला आणि लाट बाजूनं बसली की होडी काय करते. अपोलो ११ चं यानही पॅसिफिकमध्ये असंच उलटं पडलं होतं, फुगणाऱ्या पिशव्यांनी ते सुलटं केलं. आत माणसं असतील तेव्हा आपल्यालाही तशी यंत्रणा हवीच, आणि ती भरवशाची आहे हे समुद्रातच सिद्ध करायला हवं. मॉड्यूल उतरवायला दहा पॅराशूट लागतात. दोन झाकण काढणारी, दोन वेग मोडणारी ड्रोग, तीन पायलट, म्हणजे मुख्य पॅराशूट ओढून बाहेर काढणारी, आणि तीन मुख्य. मुख्य तीनपैकी दोन उघडली तरी माणसं वाचली पाहिजेत. मग एक मुद्दाम बंद ठेवून बघावं लागतं, एक उशिरा उघडून बघावं लागतं. अशी प्रत्येक शक्यता म्हणजे एक चाचणी, आणि प्रत्येक चाचणी म्हणजे खर्च.

मधेच आकडा घसरला की हातात दोनच गोष्टी उरतात, तारीख पुढे ढकलणं किंवा चाचण्या कमी करणं. पहिलीची सवय झालीय, २०२२ चं उद्दिष्ट कधीच मागं पडलं. दुसरी गोष्ट कधीच होऊ नये. वर बसणारी माणसं आपली आहेत. आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये जाऊन आले, पण दुसऱ्यांच्या यानातून. निधी अखंड मिळावा असं मी म्हणतो ते याच कारणासाठी. बाकीचे फायदे, उद्योग, औषधं, मुलांची ओढ, यावर पुन्हा बोलू, आज वेळ नाही.

तारखा मात्र टिपून घ्या. सुधारित अंदाजांच्या बैठका अर्थ खात्यात साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात, म्हणून पत्र सप्टेंबरात पोचलं पाहिजे. प्रश्नाची सूचना किमान पंधरा पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, हिवाळी अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की त्याच आठवड्यात कार्यालयात फोन करून आठवण द्या. एक प्रत दिल्लीच्या पत्त्यावर, एक मतदारसंघातल्या कार्यालयात. रजिस्टर पोस्ट २०२५ पासून स्पीड पोस्टातच मिसळलंय, तेव्हा खिडकीवर स्पीड पोस्टच मागा आणि पावती जपून ठेवा. अर्थसंकल्पातल्या त्या पानाच्या झेरॉक्सी दाराशी टेबलावर आहेत, जाताना एकेक घ्या.