एका डब्याची दोन जेवणं

(दृश्य : धनकवडी. सकाळची वेळ. तव्यावरून पोळी उतरते आहे.)

ही पोळी नीट बघा. उतरल्या उतरल्या, वृद्धांना घरपोच डबा देणाऱ्या ताई तिला तूप लावतात, घडी घालतात आणि पंचात गुंडाळून ठेवतात. वाफ आत राहते, कडा वाळत नाहीत. हे डबे जिथे जाणार आहेत, तिथे बऱ्याच जणांना कवळी आहे. मोहरीचा दाणा कवळीखाली गेला की हिरडीला टोचतो आणि माणूस जेवण अर्ध्यावर सोडतो. म्हणून इथे वरणाला फोडणी हिंगाची आणि जिरेपुडीची. मिरचीचा तुकडा, कढीपत्त्याचं पान, सगळं वेचून काढलेलं.

पुण्यात पोळीभाजी केंद्रांना तोटा नाही. आणि मुलं परगावी किंवा परदेशी, घरात सत्तरी-ऐंशीतलं एकच माणूस, अशी घरंही कोथरूडपासून सदाशिव पेठेपर्यंत कुठेही सापडतील. मग केंद्रावर फोन येतो : “आईला रोज डबा द्याल का?” हो म्हणणं सोपं आहे. पण असा डबा द्यायला पात्र कोण?

कायद्याचं उत्तर स्पष्ट आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याखाली, घरच्या ओट्यावर व्यवसाय केला तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. फॉस्कॉस या संकेतस्थळावर अर्ज करायचा, १४ आकडी क्रमांक मिळतो, तो दिसेल असा लावायचा. व्यवसाय वाढला की नोंदणीच्या जागी परवाना. अन्न हाताळणाऱ्यांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी. घरगुती सिलिंडरवर धंदा करता येत नाही, व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. शिवाय गुरुवारी पाणी बंद असलं तरी भांडी धुण्यात तडजोड नको, म्हणून साठवणीची झाकलेली टाकी. हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

एवढं केलं की स्वयंपाकघर पात्र ठरतं. डब्याचं काय?

(दृश्य : एका घरातला ओटा. अर्धा भरलेला डबा, झाकण लावलेलं.)

दुपारचे दोन. आजींनी एक पोळी आणि थोडा भात खाल्ला. उरलेलं रात्रीसाठी. भूक कमी, आणि दोन डब्यांचे पैसे द्यायला जीव होत नाही. एकट्या राहणाऱ्या कितीतरी वृद्धांच्या घरी एका डब्याची अशी दोन जेवणं होतात, आणि डबा देणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

धोका इथेच आहे. शिजलेलं अन्न एकतर ६० अंशांच्या वर गरम हवं, नाहीतर ५ अंशांखाली थंड. मधल्या तापमानात ते दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. शिजवल्यावरही ते टिकतात, कोमट भातात वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. तरुण माणसाला एक दिवस उलट्या होतील. ऐंशीच्या माणसाच्या अंगातलं पाणी तेवढ्यातच इतकं कमी होतं की दवाखाना गाठावा लागतो.

या स्वयंपाकघरात म्हणून नवीन डबा लावताना पहिला प्रश्न असतो : रात्री काय जेवता? ज्यांचं दुपारचंच उरतं, त्यांना दुपारी भात कमी आणि रात्रीचा भाग वेगळ्या डब्यात, आधीच थंड केलेला. वर मोठ्या अक्षरात चिठ्ठी : “आल्याबरोबर फ्रीजमध्ये.” फ्रीज नसेल तर संध्याकाळी मऊ खिचडीची दुसरी फेरी. या फेरीत पैसे सुटत नाहीत, तरी ती चालू आहे. माझ्या मते या कामाची खरी परीक्षा तीच.

आजारांचंही तसंच आहे. इन्शुलिन घेऊन बसलेल्या माणसाचा डबा तासभर उशिरा आला तर साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. मीठ कमी करायचं म्हणून कोणी ‘कमी सोडियमचं’ मीठ वापरलं, तर त्यात पोटॅशियम असतं, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला तेच घातक ठरू शकतं. रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनची गोळी चालू असेल तर आज पालक, मग आठवडाभर काहीच नाही, असं चालत नाही. पालेभाजीचं प्रमाण सारखं ठेवावं लागतं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं पथ्य पाहिल्याशिवाय इथे डबा सुरू होत नाही.

आणि दार उघडलं नाही तर? डबा कडीला अडकवून निघायचं नाही. आधी बेल, मग फोन, मग शेजारी, मग मुलांचा नंबर. आतून काहीच उत्तर नसेल तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक. डबा पोहोचवणाऱ्या मुलाची चारित्र्य पडताळणीही केलेली, कारण काही घरांची किल्ली त्याच्याकडे असते.

अमेरिकेत १९६५ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या निधीतून घरपोच जेवण द्यायचं, तर रोजच्या एका जेवणातून दिवसाच्या पोषणाचा किमान एक तृतीयांश भाग मिळालाच पाहिजे, अशी अट आहे. आपल्या नोंदणीच्या अर्जात पोषण नाही, पथ्य नाही, बंद दारही नाही. वृद्धांना डबा देणाऱ्यांची वेगळी पात्रता महापालिकेने ठरवावी, तपासावी आणि यादी लोकांसमोर ठेवावी. ही मागणी फार मोठी नाही.

तोपर्यंत निवड घरच्यांनाच करायची आहे. चव बघा, नोंदणी क्रमांक मागा. आणि अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता बंद असताना पेठेतल्या घरी डबा कसा आणाल, हे जरूर विचारा. या ताईंचं उत्तर तयार आहे : त्या दिवशी डबे पहाटेच निघतात, पुलापर्यंत गाडीने, पुढे बोळांतून पायी. पोळी, कोरडी भाजी आणि ताज्या दह्याची वाटी. भात त्या दिवशी नाही.