हर्नियाचं ऑपरेशन: साधी दुर्बीण की रोबोट?

श्रोतेहो, नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारे हमाल, उसाच्या मोळ्या वाहणारे मजूर, असे जांघेतल्या हर्नियाचे पेशंट आम्हा सर्जनकडे नेहमी येतात. हल्ली सोबत आलेला मुलगा हमखास विचारतो, "डॉक्टरसाहेब, पुण्यात रोबोटनं करतात म्हणे. वडिलांना तिकडंच नेऊ का?" वडिलांसाठी कुठं कमी पडायला नको, ही त्याची तळमळ मला कळते. म्हणूनच बिल नेमकं कशानं फुगतं, ते आज सांगतो.

दोन्ही ऑपरेशनं दुर्बिणीचीच. पोटावर छोटी छिद्रं, आत कॅमेरा, कमकुवत जागेवर जाळी. रोबोट आपल्या मनानं काही करत नाही. सर्जनच कन्सोलवर, म्हणजे यंत्र चालवायच्या टेबलावर, बसून त्याचे हात चालवतो. जादा पैसा जातो तो यंत्राची किंमत, त्याची देखभाल आणि हत्यारं यांत. साध्या दुर्बिणीचा चिमटा निर्जंतुक करून पुन्हापुन्हा वापरता येतो. रोबोटच्या हत्याराला मात्र वापर मोजणारी सोय असते. ठरलेला आकडा भरला की हत्यार धडधाकट असलं तरी यंत्र ते चालवतच नाही. नवं घ्यावं लागतं, आणि ते शेवटी तुमच्या बिलात येतं.

अमेरिकेत सहा ठिकाणी १०२ पेशंटवर केलेली तुलना २०२० साली प्रसिद्ध झाली. दुर्बिणीला साधारण ४० मिनिटं लागली, रोबोटला ७५. खर्च १,४२१ डॉलरच्या जागी ३,२५८. आणि महिन्याभरात दुखणं, जखमेच्या तक्रारी? त्यात फरक दिसला नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: एका बाजूचा, पहिल्यांदाच झालेला हर्निया असेल, तर रोबोटसाठी कर्ज काढू नका, रान गहाण टाकू नका. पोटावरचा मोठा, गुंतागुंतीचा हर्निया असेल तर गोष्ट वेगळी. तिथं आतून टाके घालताना रोबोटचं वळणारं मनगट कामी येतं.

आरोग्य विम्यात रोबोटिक शस्त्रक्रिया धरलेली असते, पण कंपनी त्यावर रकमेची मर्यादा घालू शकते. ती आधी विचारा. इस्टिमेटमध्ये जाळी, भूल, खोली आणि रोबोटचा खर्च वेगवेगळा लिहून घ्या.

आणि पैशाची जुळवाजुळव चालू असताना फुगवटा टणक झाला, आत जाईना, उलट्या लागल्या, तर सकाळची वाट बघू नका. सांगली असो वा मिरज, त्याच रात्री जवळचा दवाखाना गाठा.