शेंगेनचा व्हिसा : मोझेल नदीतली बोट आणि आपली फाइल

श्रोतेहो, नमस्कार.

युरोपच्या सहलीचा व्हिसा पासपोर्टात चिकटून आला की घरातल्या सगळ्यांची नजर आधी तारखांवर जाते. एक मे ते तीस मे असं छापलेलं दिसतं आणि कुणीतरी म्हणतं, चला, महिनाभर राहता येईल. इथेच गफलत होते. त्याच कागदावर आणखी दोन छोट्या नोंदी असतात. एक, राहण्याचे दिवस. दुसरी, प्रवेश किती वेळा. तारखा एवढंच सांगतात की दार कोणत्या काळात उघडं आहे. आत किती राहायचं ते दिवसांची नोंद सांगते. तारखा एक ते तीस मे आणि दिवस १५ असतील, तर त्या महिन्यातले कोणतेही १५ दिवस, सोळावा नाही. विमानातून उतरलात तो एक दिवस धरला जातो आणि परत निघालात तोही एक दिवस धरला जातो. पुन्हा सांगते : तारखा वेगळ्या, दिवस वेगळे, प्रवेश वेगळे. तिन्ही वाचायचे.

आता या व्हिसाचं हे ‘शेंगेन’ नाव आपण सगळेच घेतो. एजंट घेतो, बँकेतला माणूस घेतो, सोसायटीतल्या काकूही घेतात. पण शेंगेन म्हणजे काय, हे कळलं की व्हिसाचे निम्मे नियम आपोआप कळतात. म्हणून आज ती गोष्ट जरा निवांत सांगते.

शेंगेन हे एक गाव आहे. लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशाच्या अगदी दक्षिण टोकाला, मोझेल नदीच्या काठी, द्राक्षमळ्यांच्या उतारावर वसलेलं. नदीच्या पलीकडच्या काठावर जर्मनी. थोडं वरच्या अंगाला गेलं की फ्रान्स. तीन देशांच्या हद्दी जिथे एकमेकींना भिडतात ती जागा या गावाला लागूनच, नदीच्या पात्रात आहे. त्यात आणखी एक विशेष असं की तिथे नदीच्या मधोमध रेघ ओढून अर्धी तुझी, अर्धी माझी केलेलं नाही. जर्मनी आणि लक्झेंबर्ग यांच्या हद्दीवरचं मोझेलचं पात्र दोन्ही देशांच्या सामाईक मालकीचं आहे, आणि ते एकोणिसाव्या शतकापासून तसंच चालत आलंय. आपल्याकडे कृष्णेच्या पाण्यावरून राज्यं वर्षानुवर्षं लवादापुढे उभी असतात, तेव्हा मला ही सामाईक नदी हटकून आठवते. असो.

तर साल १९८४. फेब्रुवारी महिना. आल्प्समध्ये बर्फ. फ्रान्स आणि इटलीच्या हद्दीवर कस्टमच्या कर्मचाऱ्यांनी काम अडवून धरलं. मालट्रकांच्या रांगा लागल्या. ड्रायव्हर थंडीत दिवसेंदिवस अडकून पडले, वैतागले आणि त्यांनी सरळ रस्ते बंद केले. एका नाक्यावरच्या खोळंब्याने पाहता पाहता फ्रान्सभरची वाहतूक विस्कळीत झाली. तेव्हा सरकारांना जाग आली. त्याच वर्षी १३ जुलैला फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने सारब्रुकेन शहरात आपसातली तपासणी कमी करण्याचा करार केला. बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या तिघांमध्ये असं मोकळं येणं-जाणं आधीपासूनच होतं. ते म्हणाले, आम्हीही येतो.

सही कुठे करायची? लक्झेंबर्गने जागा सुचवली ती शेंगेन. कारण उघड होतं, तीन देश जिथे भेटतात तीच जागा. पण एवढ्याशा गावात सभागृह कुठलं? मग नदीतली प्रवासी बोटच घेतली. तिचं नाव ‘प्रिन्सेस मारी-आस्त्रीद’. १४ जून १९८५ रोजी त्या बोटीवर पाच देशांच्या प्रतिनिधींनी सह्या केल्या. फ्रान्सकडून कॅथरीन लाल्युमिएर, लक्झेंबर्गकडून रॉबर्ट गोबेल्स, आणि जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्सचे प्रतिनिधी. पाचांत पंतप्रधान एकही नाही, परराष्ट्रमंत्रीही नाही. सगळे त्यांच्या खालच्या दर्जाचे. तेव्हाच्या युरोपीय समुदायात दहा देश होते, त्यांतले पाच आले आणि पाच आलेच नाहीत. यातून काही मोठं घडेल असं फार कुणाला वाटलं नव्हतं.

आणि त्या करारातलं माझं सगळ्यांत आवडतं कलम ऐका. दुसऱ्याच दिवसापासून, म्हणजे १५ जूनपासून, मोटारी नाक्यावर थांबवायच्या नाहीत. गाडीने फक्त वेग कमी करायचा आणि शिपायाने नजर टाकायची. पण गाडीत बसलेले लोक नियमात बसतात हे त्याला कसं कळणार? तर काचेला एक हिरवी गोल चकती लावायची. तिचा व्यास किमान आठ सेंटिमीटर. आपल्या चहाच्या बशीहून लहानच. ती चकती दिसली की गाडी पुढे. म्हणजे ज्या व्यवस्थेत आज २९ देश आहेत, तिची सुरुवात काचेवरच्या आठ सेंटिमीटरच्या हिरव्या गोलाने झाली!

आता नीट लक्ष द्या, कारण आपला संबंध इथे येतो. त्याच करारात पुढे असंही लिहिलं होतं की आपसातल्या सीमांवरची तपासणी हळूहळू बंद करू आणि ती बाहेरच्या सीमेवर नेऊ. बंद करू आणि बाहेर नेऊ, दोन्ही एका दमात. मोठ्या वाड्यातल्या खोल्यांची कुलपं काढली की दिंडी दरवाजा मजबूत करावा लागतो, तसंच हे. १९९० साली त्याच गावात सविस्तर करार झाला आणि २६ मार्च १९९५ रोजी सात देशांमधले नाके खरोखर उठले. तेव्हापासून पॅरिसहून ब्रुसेल्सला जाताना व्हिसा लागत नाही, पण मुंबईहून पॅरिसला निघताना एवढी जाडजूड फाइल लागते. कारण तुम्हाला आत घेणारा एक देश बाकीच्या २८ देशांच्या वतीनेही निर्णय देत असतो. आणि ज्या बोटीवर सह्या झाल्या होत्या, ती पुढे विकली गेली होती. लक्झेंबर्गने ती परत मिळवली, दुरुस्त केली आणि २०२५ साली, चाळिसाव्या वर्षी, ती पुन्हा शेंगेनच्या काठाला आणून लावली. सात दिवसांत सहा देश धावत बघणाऱ्या सहली मला पटत नाहीत. त्यांतले दोन देश गाळा आणि एक दुपार या गावात नदीकाठी बसा, असं मी आवर्जून सांगेन.

बरं, आता फाइलकडे वळू.

पहिला प्रश्न, अर्ज कोणत्या देशाकडे? जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे. स्वित्झर्लंड चार रात्री, फ्रान्स तीन, इटली दोन, तर स्वित्झर्लंडकडे. रात्री सारख्याच असतील तर ज्या देशात आधी उतरणार त्याच्याकडे. दुसऱ्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून तिकडे अर्ज करायचा, त्यासाठी तिथलं खोटं हॉटेल बुकिंग दाखवायचं आणि व्हिसा आला की ते रद्द करायचं, हा सल्ला कुणीही दिला तरी घेऊ नका. व्हिसा नाकारला जातो, आणि मिळालेला व्हिसासुद्धा रद्द होऊ शकतो.

दुसरा प्रश्न, प्रवेश किती? ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. आयर्लंड नाही. सायप्रसही नाही. मुंबई, पॅरिस, मग लंडन आणि परतताना झुरिक असा बेत असेल, तर शेंगेनमध्ये तुम्ही दोनदा शिरता. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर लंडनहून झुरिकच्या विमानात बसू देणार नाहीत. म्हणून अर्जातच दोन किंवा अनेक प्रवेश मागा आणि ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढा.

आता मुदती. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. उन्हाळी सुट्टीसाठी जाणार असाल तर संक्रांतीच्या सुमारासच कामाला लागा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात किमान दोन पानं कोरी हवीत. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांखालच्या मुलांना ४५ आणि सहाच्या आतल्यांना माफ. अर्ज केंद्राचा सेवा आकार वेगळा. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिने वापरता येतात. बारा वर्षांखालच्या मुलांचे घेत नाहीत.

फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढऱ्या किंवा फिक्या पार्श्वभूमीवर, गेल्या सहा महिन्यांतला. विमा किमान ३० हजार युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. आजारपण, इस्पितळ, आणि वेळ आलीच तर मायदेशी परत आणण्याचा खर्च त्यात धरलेला हवा. विम्याच्या तारखा प्रवासाच्या एकूण एक दिवसाला झाकतात ना, ते मोजून पाहा.

जास्तीत जास्त अर्ज डळमळतात ते पैशाच्या कागदांवर. बँकेचं स्टेटमेंट निदान तीन महिन्यांचं, काही देश सहा महिन्यांचं मागतात, आणि त्यावर बँकेचा शिक्का आणि सही हवी. खात्यात किती आहे याइतकंच, ते कसं आलं हेही पाहतात. महिनोनमहिने वीस हजार शिल्लक आणि अर्जाच्या आठवड्यात एकदम चार लाख जमा, हे लगेच डोळ्यांत भरतं. एफडी मोडली असेल तर तिची पावती जोडा. मुलाने दिले असतील तर त्याचं पत्र आणि त्याचेही बँकेचे कागद जोडा. त्यासोबत आयकर विवरणपत्रं, पगाराच्या स्लिपा आणि ऑफिसचं रजा मंजुरीचं पत्र. त्या पत्रात तुम्ही कोणत्या तारखेला कामावर परत रुजू होणार हे लिहिलेलं असू द्या. मुलगा जर्मनीत असेल आणि खर्च तोच करणार असेल, तर तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाकडून तो हमीपत्र काढून देतो, त्याची मूळ प्रत लागते. फ्रान्समध्ये त्याच्याकडे उतरणार असाल तर तिथल्या नगरपालिकेने दिलेला निवासाचा दाखला.

नावांचं म्हणाल तर आपली मराठी नावं तीन पदरी. पासपोर्टात बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एका ओळीत आणि आडनाव दुसऱ्या ओळीत असतं. तिकीट, विमा, हॉटेल, अर्ज, सगळीकडे अक्षर न् अक्षर तसंच लिहायचं. पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर तिकीटही माहेरच्याच नावाने काढा आणि सोबत विवाह नोंदणीचा दाखला जोडा. मूल आई-वडिलांपैकी एकाबरोबरच जात असेल, तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि मुलाचा जन्मदाखला.

एक चांगली गोष्टही सांगते. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल झालाय. तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन नीट वापरले असतील, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा आणि अनेक प्रवेशांचा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा, पासपोर्टाची मुदत तेवढी असेल तर. मात्र पाच वर्षांचा व्हिसा असला तरी कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच. मोजायचं कसं? ज्या दिवशी तिथे असाल त्या दिवसापासून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यांत शेंगेनमध्ये काढलेले दिवस धरायचे. ते ९० च्या वर जाता कामा नयेत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने हे मोजण्याचं काम संगणकाकडे गेलंय. सीमेवर चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, आणि पासपोर्टावरचे शिक्के जात आहेत. मला ते शिक्के आवडायचे. नातवंडांना दाखवायला काहीतरी असायचं.

व्हिसा असला तरी विमानतळावरचा अधिकारी प्रश्न विचारू शकतो. म्हणून परतीचं तिकीट, हॉटेलचा किंवा मुलाच्या घराचा पत्ता आणि विमा यांच्या छापील प्रती खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. मोबाइलवर विसंबू नका, बॅटरी संपते. दहा हजार युरो किंवा जास्त रोख असेल तर ते जाहीर करावं लागतं. आणि आज्यांनो, तुमच्यासाठी खास : युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तुपाची बरणी नाही, पेढे नाहीत, बर्फी नाही. हापूससुद्धा वनस्पती आरोग्याच्या दाखल्याशिवाय नाही. नारळ मात्र चालतो, तेवढा नातवासाठी खुशाल घ्या.

नमस्कार.