‘नोएसी’: चार अक्षरं आणि दहा हजार फेऱ्या

[सर्व्हर रूम. स्विचचे हिरवे दिवे, जवळून.]

हे दिवे बघा, क्षणभर थांबत नाहीयेत. बॅकअप चालू नाही, कुणी फायली कॉपी करत नाहीये. पलीकडच्या मशीनवर एकानं फक्त या सर्व्हरवरच्या एका फोल्डरची यादी मागवलीय.

[टर्मिनल. एलएस डॅश एल. कर्सर लुकलुकतोय.]

फोल्डरात १०,००० फायली आहेत. हा शॉट आम्ही मुद्दाम कापलेला नाही.

[पॅकेटांची सरकती यादी.]

गेटॅट्र, म्हणजे ‘या फाइलची माहिती दे’. उत्तर. गेटॅट्र, उत्तर. आकार किती, मालक कोण, शेवटचा बदल कधी. प्रत्येक फाइलसाठी सर्व्हरपर्यंत वेगळी फेरी. एका फेरीला अर्धी मिलिसेकंद धरली तरी ५ सेकंद झाले. सर्व्हर दुसऱ्या शहरात, फेरी २० मिलिसेकंदांची, की झाली ३ मिनिटं २० सेकंद. कामाचा एक बाइटही अजून वाचलेला नाही.

हे सगळं चालतं एनएफएसवर: सर्व्हरवरच्या फायली नेटवर्कवरून आपल्याच मशीनवर असल्यासारख्या वापरायची सोय. ते सन मायक्रोसिस्टिम्सनं १९८४ च्या सुमारास आणलं, तेव्हापासूनची डोकेदुखी म्हणजे या फेऱ्या. १९९५ मध्ये तिसरी आवृत्ती आली, तिच्यात ‘रीडडिरप्लस’ होतं: नावं आणताना माहितीही त्याच खेपेत घेऊन यायची. आणलेली माहिती क्लायंट, म्हणजे मागणारं मशीन, काही काळ जवळ ठेवतो. लिनक्सवर साध्या फाइलची किमान ३ सेकंद, डिरेक्टरीची, म्हणजे फोल्डरची, ३०. बदल दिसला नाही तर मुदत वाढत जाते, जास्तीत जास्त ६० सेकंदांपर्यंत. हा अॅट्रिब्यूट कॅशे.

[एफएसटॅब फाइल. एका ओळीवर बोट.]

सर्व्हरवरचं सामाईक फोल्डर, म्हणजे शेअर, कसं जोडायचं ते या फाइलीत लिहितात. आणि हे इथं, स्वल्पविरामानंतर: नोएसी. कॅशे बंद. एका खेपेत आणलेली माहिती दारातच शिळी ठरते, पुन्हा एकेक करून विचारा.

[दुसरी खिडकी. लॉगच्या ओळी अडखळत उमटतायत.]

हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. नोएसी लिहिणंही सिंक्रोनस करतं. एरवी क्लायंट लिहिलेलं साठवून एकदम पाठवतो. आता प्रोग्रामनं लॉगमध्ये ओळ टाकली की सर्व्हरचा होकार येईपर्यंत तो तिथंच उभा. मॅन पेजमध्ये, म्हणजे सोबतच्या माहितीपानात, स्वच्छ लिहिलंय: वेग बराच जाईल, त्यापेक्षा फाइल लॉक वापरा. मॅन पेज वाचतो कोण म्हणा!

[रिकाम्या खुर्च्या. अर्धवट बिल्ड.]

दुपारचा बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार करायचं काम, संध्याकाळवर गेला.

[दोन लॅपटॉप शेजारी शेजारी.]

एवढं करून हवं काय होतं? डावीकडचं मशीन काम संपलं की एक रिकामी खूण-फाइल टाकतं. उजवीकडची स्क्रिप्ट ती आली का, हे सारखं बघते. पहिल्यांदा ‘नाही’ असं उत्तर मिळालं. क्लायंटनं ते ‘नाही’सुद्धा जपून ठेवलं, डिरेक्टरीची मुदत संपेपर्यंत. फाइल आली होती. उजवीकडे अर्धा मिनिट, कधी पूर्ण मिनिट पत्ताच नाही. एवढ्यासाठी सगळ्या शेअरचा कॅशे बंद केला. उंदरासाठी घर जाळलं!

[एफएसटॅब पुन्हा. नोएसी खोडलं जातंय.]

त्या जागी: लुकअपकॅश, बरोबरचं चिन्ह, पॉझिटिव्ह. म्हणजे ‘आहे’ लक्षात ठेव, ‘नाही’ विसर.

अनमाउंट, शेअर सोडला. माउंट, पुन्हा जोडला. डावीकडे खूण-फाइल पडली.

[उजवा लॅपटॉप. स्क्रिप्ट पुढे सरकते.]