परतीच्या बसपासून मागे मोजा

श्रोतेहो, नमस्कार. मॉरिशसला शिकायला निघालेल्या मुलामुलींशी आणि त्यांच्या आईवडिलांशी आज बोलायचं आहे. रेद्वीला विद्यापीठ आहे. शेजारी मोका गावात महात्मा गांधी संस्था आहे, तिथे मराठीही शिकवतात. वर्गातल्या पाच दिवसांची काळजी विद्यापीठ घेतं. शनिवार-रविवारची मात्र आपली आपण घ्यायची असते.

बेट लहान आहे. सकाळी डोंगर आणि दुपारी समुद्र सहज होईल, असं नकाशा बघून वाटतं. पण गावाकडच्या बसगाड्या संध्याकाळी लवकर बंद होतात आणि रविवारी त्या आणखी विरळ असतात. म्हणून बेत आखताना परतीच्या बसपासून मागे मोजत या. उतरल्या उतरल्या कंडक्टरला क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या बोलीत, विचारा, "कि लेर देर्न्ये बिस?" म्हणजे शेवटची बस किती वाजता. जून-जुलैत तिथे हिवाळा असतो आणि सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. अर्ध्या तासात झाडीत मिट्ट काळोख होतो.

डोंगर चढायचा तर ल पूसपासून सुरुवात करा. पूस म्हणजे अंगठा, आणि शिखर खरंच वर केलेल्या अंगठ्यासारखं दिसतं. उंची ८१२ मीटर. मोका-सें पिएरच्या बाजूने वाट उसाच्या मळ्यांमधून निघते, मग लाल फळांच्या चिनी पेरूच्या दाट जाळीत शिरते. वर जायला दीड-दोन तास धरा, उतरायलाही जवळजवळ तितकेच. सिंहगड दर रविवारी चढणाऱ्याला ही उंची काहीच वाटणार नाही, आणि घोटाळा इथेच होतो. पेरूच्या सावलीत माती कित्येक दिवस वाळत नाही, त्यामुळे पाय घसरतात ते बहुतेक उतरताना. तळाला खोल खाचा असलेले बूट घाला, माणशी दोन लिटर पाणी घ्या आणि सातच्या आत चालायला लागा. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे ढग आणून शिखरावर टेकवतात. शेवटचा खडकाळ टप्पा ढगात गेलेला दिसला तर खालच्या सपाटीवरूनच परत फिरा, कारण ओल्या बेसॉल्टवर हाताची पकड टिकत नाही.

ल मोर्नची गोष्ट वेगळी. ५५६ मीटरचा हा कडा २००८ पासून जागतिक वारसा आहे. पळून आलेल्या गुलामांनी इथे आसरा घेतला होता. अर्धी वाट रुंद आणि सोपी, पुढची हातापायांनी चढायची. उंचीची भीती असेल तर मधल्या सपाटीवरून दिसणारा समुद्रही पुरेसा आहे.

आता पाण्याविषयी, जरा सविस्तर. बेटाच्या बहुतेक किनाऱ्याभोवती प्रवाळाची भिंत आहे. तिच्या आतलं उथळ, शांत पाणी म्हणजे लगून. मुंबईच्या मोठ्या भरती-ओहोटीत पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. इथे फरक जेमतेम अर्ध्या मीटरचा. म्हणून कोकणातला पट्टीचा पोहणाराही बेसावध राहतो. इथे ओढ वेगळ्या कारणाने लागते. लाटा भिंतीवरून पाणी सतत आत टाकतात, आणि ते पाणी भिंतीतल्या खिंडींमधून बाहेर पडतं. या खिंडींना तिथे 'पास' म्हणतात. किनाऱ्यावरून बघा: फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ जिथे तुटते आणि पाणी गडद निळं दिसतं, तो पास. त्या दिशेला पोहू नका. ओहोटीत तिथली ओढ वाढते.

पाण्यात शिरल्यावर कमरेइतक्या खोलीत पाण्याखाली बघायचा काचेचा मास्क लावून तरंगा आणि तळातल्या एकाच खडकावर नजर ठेवा. हात न हलवता मिनिटभरात खडक किती सरकला ते बघा. पाणी कुठे नेतंय ते लगेच कळतं. ओढले गेलात तर प्रवाहाच्या विरुद्ध झगडू नका. आडवे, उथळ पाण्याच्या बाजूने सरका. दमलात तर पाठीवर तरंगून हात वर करा.

पश्चिमेला फ्लिक ऑन फ्लाकला वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. पाणी आरशासारखं असतं, पण हवेची गादी किंवा ट्यूब हळूहळू बाहेर जात राहते. गादीवर पडून डोळे मिटू नका. दक्षिणेला ग्री ग्रीला प्रवाळाची भिंतच नाही. तिथे बघायला जा, पाण्यात उतरू नका.

पहिल्यांदा मास्क लावणाऱ्याने आग्नेयेचा ब्लू बे निवडावा. बसने क्युर्पिपमार्गे माहेबूरला जा, तिथून पुढे ब्लू बेला. हे संरक्षित सागरी उद्यान आहे, प्रवाळावर उभं राहू नका. मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने श्वास ओढा; तसाच चिकटून राहिला तर मापाचा. मिशी असेल तर कडेने पाणी झिरपतं. पाठ उन्हात भाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालूनच पोहा.

पायात रबरी बूट हवेतच. दगडमासा हुबेहूब दगडासारखा तळाशी पडून असतो आणि पाठीच्या काट्यांत विष असतं. काटा लागला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवा, उकळत्या नव्हे. पाणी आधी दुसऱ्याने हाताने तपासावं, कारण वेदनेत पाय भाजल्याचं कळत नाही. पाणी निवलं की बदलत राहा आणि रुग्णवाहिकेसाठी ११४ फिरवा.

नोव्हेंबरपासून चक्रीवादळांचा हंगाम. वादळाच्या चढत्या इशाऱ्यांपैकी तिसऱ्या वर्गाचा इशारा लागला की बाहेर पडायचं नाही. खाणं, पाणी, बॅटरी त्याआधीच खोलीत हवी.

आणि न्याहारी बसस्टँडवरच करा. "एन पेर धोल पुरी" म्हणजे धोल पुरीची एक जोडी. आपल्या पुरणपोळीसारखीच लाटलेली, पण आत गूळ नाही, वाटलेली पिवळी डाळ. वर पावट्याची रसभाजी आणि मिरचीची चटणी. कागदात गुंडाळून देतात. दोन जोड्या घ्या, एक डोंगरासाठी.