पुस्तकाआधीची वही

नमस्कार श्रोतेहो. पुस्तकाचा विषय डोक्यात घोळतोय, पण पहिलं वाक्य काही केल्या उतरत नाही, अशा दिवसांतून तुमच्यापैकी कुणी जात असेल, तर आज मला त्यांच्याशीच बोलायचं आहे.

जुलै १८३७. लंडनमध्ये २८ वर्षांच्या चार्ल्स डार्विनने एक छोटी वही उघडली. जगप्रवासाहून परतून वर्षही झालं नव्हतं. सजीवांच्या जाती बदलतात का, याबद्दल सुचेल ते तो तिच्यात लिहू लागला. प्रश्न, शंका, अर्धीमुर्धी वाक्यं. ३६ व्या पानावर त्याने फांद्या फुटलेल्या झाडासारखी एक आकृती काढली आणि वर दोनच शब्द लिहिले: ‘मला वाटतं’.

किती मोकळे शब्द आहेत हे! इथे अजून काहीच सिद्ध करायचं नाही. पुढे १८४२ साली पेन्सिलीने ३५ पानांचं टिपण झालं, १८४४ साली ते २३० पानांवर गेलं, आणि पुस्तक छापून आलं १८५९ मध्ये.

आपण लिहितो कसं, हे त्याने आत्मचरित्रात सांगून ठेवलंय. विषयवार टिपणांचे तीस-चाळीस मोठे गठ्ठे कपाटात, प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी. लिहायला बसण्याआधी दोन-तीन पानांचा अगदी ओबडधोबड आराखडा, मग त्याहून मोठा, ज्यात एखाद-दुसरा शब्द अख्ख्या चर्चेच्या जागी उभा. आणि एक सवय, जी मला सगळ्यांत मोलाची वाटते: आपल्या मताच्या विरोधात जाणारी गोष्ट दिसली की ती तिथल्या तिथे टिपायची. कारण, तो म्हणतो, सोयीच्या गोष्टींपेक्षा अशा गोष्टी लवकर विसरल्या जातात.

याचा अनुभव मी घेतलाय. आजोळच्या गावावर पुस्तक लिहायचं म्हणून मी थेट पहिल्या प्रकरणाला हात घातला. पन्नास पानं झाली आणि गाडी अडली. सगळं गोड होतं, पण पुढे जाईना. मग पानं बाजूला ठेवली, शाळेची असते तशी दोनशे पानी वही आणली आणि संध्याकाळभर नुसत्या नोंदी केल्या. ओसरी. आजीची उतरंड. जत्रेतली धूळ. भाताच्या खाचरातले बेडूक. चांगलं-वाईट ठरवायचं नाही, खोडायचं नाही, एवढंच स्वतःला बजावलं होतं. तुम्हीही खोडू नका. पहिल्या वीस-पंचवीस नोंदी कुणालाही सुचतील अशाच असतात, त्या संपेपर्यंत बसून राहावं लागतं.

त्यानंतर मी डार्विनसारखं स्वतःला विचारलं, माझ्या या गोड गावाच्या विरोधात काय जातं? हात थांबला. मग लिहिलं: ‘विहिरीवर सगळ्यांना पाणी भरता येत नव्हतं.’ लहानपणापासून मला हे ठाऊक होतं. माझ्याच वयाची एक मुलगी रिकामी कळशी घेऊन, कुणी वरून पाणी ओतेल म्हणून थांबलेली मी पाहिली होती. पन्नास पानांत ती कुठेच नव्हती.

आता पुस्तक तिच्यापासून सुरू होतं.