चूक पोटात घालणारी गाडी: पहिली स्पोर्ट बाइक निवडताना

नमस्कार. माझ्या हातात आहे तो मोटरसायकलच्या पुढच्या ब्रेकचा लिव्हर. जरा जवळून दाखवतो. याच्या टोकाला जो गोळा असतो, तो इथे एका बाजूने घासून सपाट झाला आहे आणि लिव्हरही मध्यावर थोडा वाकला आहे. हा माझ्या पहिल्या स्पोर्ट बाइकचा लिव्हर आहे, आणि ती गाडी पडली तेव्हा तिचा वेग माणसाच्या चालीएवढा होता. अरुंद रस्त्यावर गाडी उजवीकडे वळवून परत फिरायचे होते, हँडल पूर्ण वळलेले होते, तेवढ्यात समोरून एक सायकलस्वार आला आणि मी दचकून पुढचा ब्रेक गच्च आवळला. वळलेल्या चाकाला ब्रेक लागताच गाडीचा सगळा भार आतल्या बाजूला कलला, माझा पाय जमिनीला टेकला खरा, पण तो भार पायाला पेलवला नाही आणि गाडी आडवी झाली.

मला काही लागले नाही. पण त्या दिवसापासून, कुणी मला पहिली स्पोर्ट बाइक कोणती घ्यावी असे विचारले की ती किती पळते यापेक्षा चालवणाऱ्याची चूक झाल्यावर ती काय करते, हेच माझ्या मनात आधी येते. मोठ्या मनाच्या माणसाबद्दल आपण म्हणतो की तो दुसऱ्याची चूक पोटात घालतो. काही गाड्या तशा असतात, काही अजिबात नसतात, आणि शोरूममध्ये उभ्या असताना त्या दोघी जवळजवळ सारख्याच दिसतात.

बहुतेकांची निवड सीसीच्या आकड्यापासून सुरू होते आणि पहिली गफलत तिथेच होते. सीसी म्हणजे सिलिंडरांचे एकूण आकारमान. त्यावरून इंजिन किती शक्ती देईल हे नेमके कळत नाही, आणि ती शक्ती कशी देईल हे तर मुळीच कळत नाही. कावासाकीच्याच दोन गाड्या शेजारी ठेवून पाहा. निंजा ६५० मध्ये ६४९ सीसीचे, दोन सिलिंडरांचे इंजिन आहे आणि ते सुमारे ६७ अश्वशक्ती देते. झेडएक्स-६आर मध्ये ६३६ सीसीचे, म्हणजे किंचित लहानच, पण चार सिलिंडरांचे इंजिन आहे आणि त्याची शक्ती १२० अश्वशक्तीच्या पुढे जाते. आकड्यांत ज्या गाड्या बहिणी वाटतात, त्यांच्या शक्तीत जवळपास दुपटीचे अंतर आहे.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. होंडाची सीबीआर६००आरआर किंवा यामाहाची आर६ या गाड्या शर्यतीतला सुपरस्पोर्ट गट नजरेसमोर ठेवून घडवल्या गेल्या. इंजिनाच्या आकाराला मर्यादा असताना त्यातून जास्तीत जास्त शक्ती काढायची, तर ते अधिकाधिक वेगाने फिरवावे लागते. म्हणून या इंजिनांची कमाल शक्ती १३,००० आरपीएमच्याही (आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे) वर मिळते. याचा परिणाम असा होतो की पाच-सहा हजारांपर्यंत अशी गाडी शहाण्या मुलासारखी वागते. नवखा माणूस पहिले काही दिवस गर्दीत, खालच्या आरपीएमवर ती चालवतो आणि आपल्याला ही जमली असे समजतो. मग एके दिवशी मोकळा रस्ता मिळतो, काटा वर चढतो, आणि आठ-नऊ हजारांच्या पुढे तीच गाडी एकदम दुसरीच होते. पहिल्या गिअरमध्येच ती ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. ज्या गाडीवर तो शिकला असे त्याला वाटत होते, त्या गाडीची त्याची ओळखच झालेली नव्हती.

यावर नेहमी एक उत्तर मिळते: थ्रॉटल, म्हणजे फिरवून वेग वाढवायची मूठ, माझ्या हातात आहे, मी जपून देईन. हे उत्तर प्रामाणिक असते, पण मनगटाचे वागणे त्यात धरलेले नसते. एकदा सावकाश पाहू. मी हँडल धरले आहे आणि माझे मनगट थोडे खाली झुकलेले आहे, कारण नवखा हात बहुधा असाच असतो. आता रस्त्यावरच्या एखाद्या उंचवट्याने गाडीला धक्का बसला आणि थ्रॉटल हवा होता त्याहून किंचित जास्त उघडला गेला. गाडी पुढे झेपावली, त्यामुळे माझे शरीर मागे गेले. शरीर मागे गेल्यामुळे हात ताणला गेला. तोल सावरण्यासाठी मी मूठ आणखी घट्ट केली आणि त्या ताणात मनगट आणखी खाली वळले. म्हणजे थ्रॉटल आणखी उघडला. या सगळ्याला एक सेकंदही लागत नाही आणि यात माझ्या इच्छेचा कुठेही संबंध येत नाही. सुमारे ४० अश्वशक्तीच्या गाडीवर हे घडले तर इंजिन ओरडते, मी दचकतो आणि बहुतेक वेळा मनगट वर आणायला थोडा अवधी मिळतो. १२० अश्वशक्तीच्या गाडीवर पुढचे चाक उचलले जाऊ शकते, किंवा समोरची भिंत अपेक्षेपेक्षा फार लवकर जवळ येते. जपून चालवण्याचा निश्चय दोन्ही गाड्यांवर सारखाच होता.

अनेक देशांच्या परवान्याच्या नियमांत हा विचार आधीच उतरलेला आहे. युरोपीय संघात ए२ या मधल्या टप्प्याच्या परवान्यावर ३५ किलोवॉट, म्हणजे सुमारे ४७ अश्वशक्तीपर्यंतच्याच गाड्या चालवता येतात आणि वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.२ किलोवॉटपेक्षा जास्त शक्ती चालत नाही. जपानमध्ये मधला परवाना ४०० सीसीपर्यंतचा आहे. ऑस्ट्रेलियातल्या नवशिक्यांसाठी ६६० सीसी आणि टनामागे १५० किलोवॉट अशी दुहेरी मर्यादा आहे. तुम्ही राहता तिथे असा नियम नसला, तरी युरोपची ३५ किलोवॉटची रेघ तुम्ही स्वतःसाठी आखून घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. शक्तीबरोबर वजनही मोजायला हवे हे ज्यांना कळले, त्यांनी ती आखलेली आहे.

या रेघेच्या आत चांगल्या गाड्यांची वाण नाही. यामाहा आर३ चे इंजिन ३२१ सीसीचे आहे, कावासाकीच्या निंजा ३०० आणि निंजा ४०० आहेत, आणि होंडाची सीबीआर५००आर ४७१ सीसीची असून ए२ च्या मर्यादेत बसते. या सगळ्या दोन सिलिंडरांच्या आहेत आणि त्यांची शक्ती हळूहळू, अंदाज बांधता येईल अशा रीतीने वाढत जाते. केटीएम आरसी ३९० एका सिलिंडरची आहे. ती हलकी आणि चपळ आहे, पण खालच्या आरपीएमवर तिचे इंजिन धक्के देते आणि गर्दीत क्लचवरचा हात पक्का असावा लागतो. ती वाईट गाडी आहे असे मी म्हणत नाही, मात्र पहिल्या दहा दिवसांत ती जास्त परीक्षा घेते.

आणि मन खरोखरच दोलायमान असेल तर याच इंजिनांच्या फेअरिंग (इंजिन झाकणारे बाहेरचे कवच) नसलेल्या गाड्याही पाहा. आर३ चे इंजिन यामाहा एमटी-०३ मध्ये आहे, आरसी ३९० चे जुन्या पिढीच्या ३९० ड्यूकमध्ये. त्यांचे हँडल उंच आणि रुंद असते, बसणे ताठ असते आणि गाडी पडली तर फेअरिंग फुटण्याचा प्रश्न येत नाही. तरीही ज्याचे मन स्पोर्ट बाइकवरच बसले आहे, त्याने लहान स्पोर्ट बाइकच घ्यावी, कारण मनाजोगती गाडी माणूस रोज बाहेर काढतो आणि रोजच्या सरावाला पर्याय नाही.

त्या सरावाबद्दल एक जुना पुरावा मला फार मोलाचा वाटतो. अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांची घटनास्थळी जाऊन तपासणी केली आणि १९८१ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. अपघातात सापडलेल्या चालकांना रस्त्यावरचा एकूण अनुभव जवळपास तीन वर्षांचा होता, पण अपघात झाला त्या विशिष्ट गाडीवरचा अनुभव अर्ध्याहून अधिक जणांच्या बाबतीत पाच महिन्यांपेक्षाही कमी होता. अपघातापूर्वीचा मध्यक वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास होता. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की लक्षात येते की गाडी बदलली की आपण काही महिने पुन्हा नवखे होतो, आणि हे नवखेपण शहरातल्या साध्या वेगातच महागात पडू शकते. म्हणून पहिली गाडी सहा महिन्यांत विकायच्या बेताने घेऊ नका. जिच्यावर दोन-तीन वर्षे आनंदाने काढाल, अशी घ्या.

आता बसण्याकडे येऊ, कारण माझ्या हातातल्या या लिव्हरची गोष्ट तिथलीच आहे. आर३ च्या सीटची उंची ७८० मिलिमीटर आहे, निंजा ४०० ची ७८५, तर आर६ ची ८५०. कागदावर हा फरक अडीच-तीन इंचांचा आहे, पण लाल दिव्यापाशी उताराच्या बाजूला पाय टेकताना तो फार मोठा वाटतो. दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत असे नाही. दोन्ही पायांचे चवडे नीट टेकत असतील तर पुरे. सीटची रुंदीही पाहा, कारण रुंद सीट मांड्या फाकवते आणि पायांची लांबी तिथेच खर्च होते. उंचीइतकेच महत्त्व हँडल किती वळते याला आहे. स्पोर्ट बाइकचे क्लिप-ऑन (दोन वेगळ्या तुकड्यांचे, खाली बसवलेले) हँडल टाकीला लागू नये म्हणून त्याचा फिरण्याचा कोन कमी ठेवलेला असतो, त्यामुळे अरुंद जागेत वळताना जास्त जागा लागते आणि पूर्ण वळलेल्या हँडलमुळे अंगठा टाकीजवळ अडकू शकतो. पुढे वाकून बसल्यामुळे मनगटांवर जो भार येतो, तो वेगात वारा छातीला आधार देतो तेव्हा हलका होतो. गर्दीत तो आधार नसतो. म्हणून शोरूममध्ये दोन मिनिटे बसून निर्णय घेऊ नका. निदान दहा मिनिटे बसा, गुडघ्यांनी टाकी आवळा, मनगटे मोकळी सोडून पाहा आणि मग खांद्यांना विचारा.

लिव्हरपर्यंत बोटे पोचतात का, हेही तिथेच पाहायचे. हात लहान असेल तर लिव्हरचे अंतर कमी-जास्त करण्याची सोय असलेली गाडी शोधा, कारण बोटांच्या टोकांनी ओढलेला ब्रेक हळुवार लागत नाही. पुढचा ब्रेक आधी हलका दाबून गाडीचा भार पुढच्या चाकावर येऊ द्यायचा आणि मग दाब वाढवायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावायची असते. एबीएस नसलेली गाडी पहिली म्हणून घेऊ नका, या मतात मी तडजोड करत नाही. मात्र साधे एबीएस सरळ रेषेत ब्रेक लावताना चाक जाम होऊ देत नाही. वळणावर कललेल्या गाडीला ते तेवढा आधार देऊ शकत नाही, आणि पूर्ण वळलेल्या हँडलवर चालीच्या वेगात आवळलेल्या ब्रेकपासूनही वाचवत नाही.

रेन मोड (पावसासाठी इंजिनाची शक्ती सौम्य करणारी सोय) असलेली मोठी गाडी घेऊन सुरुवातीला तो मोड वापरावा, असे काहीजण सुचवतात. मोडमुळे शक्ती सौम्य होते हे खरे, पण वजन, सीटची उंची, ब्रेकचा तीक्ष्णपणा आणि हँडलचा कोन तसेच राहतात, आणि मोड बदलायला एक बटण पुरते.

पहिली गाडी शक्यतो वापरलेली घ्यावी, कारण ती एकदा तरी पडेल असे धरून चालणे शहाणपणाचे आहे. पाहायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका. थंड इंजिन सुरू होताना खरे बोलते. मग खाली बसून पाहा. हँडलची टोके, लिव्हरचे गोळे, फूटपेगच्या (पाय ठेवायच्या दांड्यांच्या) कडा आणि इंजिनाच्या बाजूची झाकणे घासलेली असतील तर गाडी पडलेली आहे. उभ्या उभ्या पडली असेल तर त्यात फारसे भय नाही. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून, फ्रेमवर ते जिथे अडते तो थांबा पाहा. तो चेपलेला किंवा नव्याने रंगवलेला असेल तर टक्कर मोठी होती, आणि अशी गाडी सोडून द्या. पुढचे चाक कुणाला तरी उचलून धरायला सांगून हँडल हळूहळू फिरवा. मध्यावर ते खाचेत बसल्यासारखे अडले तर आतले बेअरिंग गेले आहे. फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या, चकचकीत नळीवर तेलाचे कडे दिसले तर सील गळते आहे. टायरच्या बाजूला चार आकड्यांची तारीख असते: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असूनही टायर जुना आणि कडक झालेला असू शकतो, तेव्हा ही तारीख वाचल्याशिवाय उठू नका. चेसिस क्रमांक कागदपत्रांशी स्वतःच्या डोळ्यांनी पडताळा.

हेल्मेट, हातमोजे, जाकीट आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट यांचे पैसे गाडीचा भाव ठरवण्याआधी बाजूला काढा, म्हणजे गाडी त्यांचा वाटा खाणार नाही.

चाचणी फेरीला निघाल तेव्हा मोकळ्या रस्त्यावर वेग पाहण्याचा मोह होईल. त्याआधी एखादे रिकामे मैदान गाठा आणि पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धवट धरून, मागच्या ब्रेकवर हलका पाय ठेवून गाडी उजवीकडे पूर्ण वळवा, मग डावीकडे. नजर जमिनीवर न ठेवता जिथे जायचे आहे तिकडे ठेवा आणि पुढच्या ब्रेकवरची बोटे उचलून घ्या. पाच-सहा फेऱ्यांत खांदे सैल पडले आणि श्वास मोकळा झाला, तर त्या गाडीचे कागद मागा.